लाइट बिलाचा पुरावा

मुंबईच्या उपनगरात माणूस आहे की नाही, हे त्याच्या तोंडाकडे बघून ठरत नाही. लाइट बिल बघून ठरतं. गॅसचं कनेक्शन असो, पासपोर्ट असो, खिडकीपलीकडचा हात आधी बिल मागतो. त्यामुळे बोरिवली पश्चिमेच्या एका सोसायटीच्या खजिनदारांना बिटकॉइन समजायला फार जड गेलं नाही. अंधेरीला आयटीत असलेला भाचा ‘प्रूफ ऑफ वर्क’ म्हणाला, तेव्हा निवृत्त बँकवाल्याने सवयीने विचारलं, “काम केल्याचा पुरावा काय?”

“जाळलेली वीज, मामा.”

“अरे, मग लाइट बिल म्हण की!”

उत्तर बरोबर होतं. बिटकॉइनच्या हिशेबाच्या वहीला मालक नाही, मॅनेजर नाही. सातोशी नाकामोतो हे नाव घेतलेल्या कुणीतरी 3 जानेवारी 2009 रोजी तिचं पहिलं पान लिहिलं आणि पुढे ते नाव धारण करणारं माणूस गुल झालं. साधारण दर दहा मिनिटांनी व्यवहारांचं एक पान जोडलं जातं. ते कोणी जोडायचं, हे ठरवायला जगभरातली यंत्रं एक आकडा शोधत सुटतात. पानातल्या मजकुराबरोबर तो आकडा गणिताच्या चरकातून काढला, की उत्तर ठरलेल्या मर्यादेखाली यावं लागतं. या मायनिंगला अक्कल लागत नाही, नुसते अंदाज मारायचे. ज्याचा अंदाज लागला त्याला नवे बिटकॉइन: सुरुवातीला 50, दर 2,10,000 पानांनी निम्मे, एप्रिल 2024 पासून 3.125. एकूण 2 कोटी 10 लाखांपुढे मिळायचे नाहीत. जुन्या पानावर खाडाखोड करायची तर तिथपासूनचं सगळं काम पुन्हा करावं लागतं. हे ऐकून खजिनदारांना मिनिट्स बुकात व्हाइटनर फिरवणाऱ्या एका माजी सेक्रेटरींची आठवण झाली.

“मग आपणच एक यंत्र लावू,” ते म्हणाले. बाल्कनी रिकामीच होती.

भाच्याने कागद घेतला. अँटमायनर एस19 प्रो नावाचं यंत्र सेकंदाला 110 लाख कोटी अंदाज मारतं आणि 3,250 वॅट खातं. म्हणजे दिवसाला 78 युनिट, महिन्याला 2,340. युनिटला दहा रुपये धरले तरी 23,400 रुपये. मग बिल बोरिवलीत अदानीचं येवो की मुलुंडला महावितरणचं. आणि 2024 मधल्या जगभरच्या यंत्रांशी ताडून पाहिलं तर या एकट्याला एक पान लागायला सरासरी शंभरेक वर्षं.

“रिडेव्हलपमेंटच्या आधी लागेल,” खजिनदार म्हणाले.

एवढ्यावर थांबलं असतं, पण त्यांनी कराचंही विचारलं. 2022 च्या अर्थसंकल्पापासून असल्या कमाईवर 30 टक्के कर आहे आणि खरेदीच्या किमतीखेरीज कुठलाच खर्च वजा होत नाही. यंत्रसामग्रीचा खर्च खरेदीची किंमत धरला जाणार नाही, हेही सरकारने मार्च 2022 मध्ये लोकसभेत सांगून टाकलं. पृथ्वीवरच्या यंत्रांना पटणारं लाइट बिल आयकर खात्याला चालत नाही.

घरी नको तर दुसऱ्याच्या शेडमध्ये, असा विचार महाराष्ट्रात पूर्वी पुष्कळांनी केला. ‘गेनबिटकॉइन’ योजनेत लोकांनी आपले बिटकॉइन द्यायचे, मायनिंग कंपनीने करायचं आणि 18 महिने दरमहा 10 टक्के परतावा यायचा, असं आश्वासन होतं. पुढे परतावा बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाच्या घरगुती नाण्यात मिळू लागला. 2018 च्या एप्रिलमध्ये पुणे पोलिसांनी योजनेचा प्रवर्तक अमित भारद्वाज याला अटक केली. कामाचा पुरावा मागायचं तेवढं गुंतवणूकदारांच्या डोक्यात आलं नव्हतं.

आता खरा प्रश्न भावाचा. “एवढी वीज जाळायची, म्हणजे भाव त्या खर्चाखाली कसा जाईल?” खजिनदारांचा मुद्दा सरळ होता, आणि चुकीचा. दर 2,016 पानांनी, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, आकडा शोधायचं कोडं किती अवघड हे आपोआप बदलतं. भाव पडला की ज्यांना परवडत नाही ते यंत्र बंद करतात, कोडं सोपं होतं, उरलेल्यांचा खर्च उतरतो. 2021 च्या उन्हाळ्यात चीनने मायनिंग हाकलून लावलं, जगातली निम्मी ताकद बंद पडली आणि 3 जुलैला कोडं जवळपास 28 टक्क्यांनी सोपं झालं. त्या नोव्हेंबरातही ते मे महिन्यापेक्षा सोपंच होतं, आणि भावाने मात्र सुमारे 69 हजार डॉलरचा विक्रम केला. काम भावामागे धावतं. भाव कामाला विचारत नाही.

मग विचारतो कुणाला? मुख्यतः घेणाऱ्याच्या उत्साहाला. पुरवठा ठरलेला, म्हणून गिऱ्हाईक जरा हललं की आकडा उडतो. 2022 मध्ये अमेरिकेत व्याजदर चढले, नोव्हेंबरात एफटीएक्स बाजार कोसळला आणि बिटकॉइन 16 हजार डॉलरच्या आसपास आला. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेने थेट बिटकॉइन बाळगणाऱ्या ईटीएफ फंडांना परवानगी दिली. डिसेंबरात तो एक लाखापलीकडे गेला.

डोजकॉइन तर 2013 मध्ये थट्टा म्हणून काढलेलं. तेही प्रामाणिकपणे वीज जाळतं आणि दर मिनिटाला 10,000 नवी नाणी काढतं, कमाल मर्यादा नाही. 8 मे 2021 च्या रात्री एलॉन मस्क अमेरिकेत टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमात आले आणि भाव जवळपास 30 टक्के पडला. एप्रिल 2023 मध्ये त्यांनी ट्विटरच्या चिमणीजागी याच नाण्याचा कुत्रा बसवला, भाव उसळला; काही दिवसांनी चिमणी परतली, भाव उतरला. यंत्रांनी या सगळ्या काळात एक मिनिट सुट्टी घेतली नाही.

इथे खजिनदारांचा चेहरा उजळला. त्यांच्या लहानपणी मुंबईतली माणसं न्यूयॉर्कच्या कापसाच्या आकड्यावर पैसे लावत. सुरुवातीचा भाव ‘ओपन’, शेवटचा ‘क्लोज’, दोन्ही टेलिप्रिंटरवर येत. कापूस कुणालाच नको होता. 1960 च्या दशकात न्यूयॉर्कचे आकडे यायचे थांबले, तेव्हा कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या मटक्याने कापूस वगळला आणि आकडा तेवढा ठेवला. गिऱ्हाईक कमी झालं नाही.

“समजलं,” ते म्हणाले. “याचा ओपन किती वाजता?”

“ओपन नाही मामा. चोवीस तास, रविवारीसुद्धा चालू.”

“आणि क्लोज?”

“क्लोजही नाही.”

खजिनदारांनी चष्मा काढून पुसला. “अरे, मग ही माणसं झोपतात कधी?”