सुधारित वेळापत्रकसाहेबांच्या सेवेशी

प्रातःस्मरणीय सुधारित वेळापत्रकसाहेब यांचे चरणी, सदाशिव पेठेतून एका मामाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्रास कारण की, आपले आभार मानायचे राहून गेले होते. उशीर झाला खरा, पण उशिराचं आपल्याला काय! आपले थोरले बंधू, प्रवेशाचं मूळ वेळापत्रक, यांचं दर्शन आम्हाला कधी घडलं नाही. दर वर्षी ते जन्मतात आणि बारशालाच आपण त्यांच्या पाळण्यात जाऊन बसता, असं ऐकतो.

8 जून 2022 ला बारावीचा निकाल लागला आणि आमचा भाचा गादी, बादली नि इंजिनिअरिंगचं स्वप्न घेऊन परभणीहून आला. 'कॉलेज सुरू व्हायच्या आत जागा पकड', हा बहिणीचा हुकूम. पेठेत कॉट बेसिसवर कॉट पकडली. आपल्या कृपेनं कॉलेज नसताना पाच महिने तिचं भाडं भरलं. कॉटवाल्या काकू आपल्या नावानं रोज उदबत्ती लावतात.

सीईटी आपण ऑगस्टमध्ये घेतलीत, निकाल 15 सप्टेंबरला लावलात. मधल्या काळात पोराला पुणे दाखवलंत, हे उपकार वेगळेच. कोरोनानंतरचा दणक्यातला गणपती त्यानं दहाही दिवस पाहिला. अभ्यास बुडतोय म्हणून ओरडायची मला सोयच नव्हती. बुडायला अभ्यास हवा ना!

कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेची, पुरुषोत्तम करंडकाची, मात्र त्याला फार हौस. परभणीत गणपतीत नाटकं केलेला पोरगा तो. सीनियर मुलं भरत नाट्य मंदिरात 'आवाज कुणाचा' ओरडत होती, तेव्हा आपला आवाज कोणत्या कॉलेजचा हे याला ठाऊक नव्हतं. त्या वर्षी परीक्षकांनी करंडक एकाही संघाला दिला नाही. परीक्षकांना दोष देत नाही. पहिल्या वर्षाची अख्खी पलटण आपण प्रवेशाची वाट बघत बसवली होती, हे त्यांना कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही.

खासगी विद्यापीठांच्या वतीनंही आभार मानू द्या. आपण प्रवेशाच्या फेऱ्या मोजत होतात, तेव्हा तिकडे तास सुरू झालेसुद्धा. धास्तावून आम्हीही एके ठिकाणी जागा अडवायला पैसे भरले. नंतर ते परत मिळाले, थोडी वजावट होऊन. त्या परताव्याचंही एक वेळापत्रक होतं. तेही सुधारित. आपल्याच कुळातलं असावं. ज्यांच्या खिशाला झेपलं त्यांची पोरं तिथेच रमली. ज्यांना झेपलं नाही ते 'मिळालेली जागा फ्रीझ करू की बेटरमेंटला जाऊ' या प्रश्नावर रात्र रात्र जागले. गरिबाच्या पोराला निर्णयक्षमता शिकवणारे आपणच.

दिवाळीनंतर, अगदी शेवटच्या फेरीत, भाचा वर्गात पोचला. बाकं वाटून झाली होती, टपरीवरचे कट्टे ठरले होते, वर्कशॉपमध्ये इतरांचे फिटिंगचे जॉब घासून तयार होते. काहीही विचारलं की सर म्हणायचे, "ते मागच्या आठवड्यात झालं." कुणीतरी त्याचा नंबर फोनमध्ये 'नवीन ॲडमिशन' म्हणून साठवला. मित्रांत त्याचं तेच नाव आजतागायत चालू आहे. खरं नाव बहुधा फक्त बहिणीला आणि मला माहीत. पहिल्या वर्षी आंब्यांच्या दिवसांतही तो परभणीला गेला नाही. दुसरं सत्र तेव्हा ऐन भरात होतं.

त्याच्या अकरावीच्या वर्षाचं, 2020 चं, मी काढत नाही. महामारी होती, त्यात 9 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं मराठा आरक्षणाला स्थगिती दिली आणि अकरावीचे प्रवेश अडले. ते सगळं आपल्या माथी मारणं बरं नव्हे. पण नोव्हेंबरात, प्रवेश न झालेल्यांसाठी ऑनलाइन तास सुरू केलेत, त्याला दाद द्यावीच लागेल. तास आहे, कॉलेज नाही! ज्ञानोबांच्या आळंदीपासून इतक्या जवळ राहूनही अद्वैत मला तेव्हाच कळलं.

आता भाची. 2025 पासून अकरावीचे केंद्रीय प्रवेश राज्यभर झाले, त्यामुळे परभणीत घरबसल्या आपला आशीर्वाद मिळाला. दहावीचा निकाल 13 मे लाच, चांगला लवकर. म्हटलं, साहेब सुधारले! 21 मे ला नोंदणीचं संकेतस्थळ उघडलं आणि तिथेच बसलं. वर्ग भरले ते 11 ऑगस्टला. लवकर लागलेल्या निकालाचे नव्वद दिवस आपण जिरवलेत. नावातच 'सुधारित' असल्यावर आणखी किती सुधारणार म्हणा!

कळावे, लोभ आहेच, तो मुदतवाढ न देता आवरावा, ही विनंती.

आपला,
कॉटचं भाडं भरणारा मामा

ता. क. : भाची 2027 ला बारावी होईल. काकू आत्तापासून विचारताहेत. जूनपासून घेतली तर खिडकीजवळची कॉट, दिवाळीनंतर आलात तर संडासाशेजारची. काय सांगू?