फणसाडला जायचं, पण आधी...

कशेडी घाटाच्या पोलादपूरकडच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका कुटुंबाने एका दिवसात फणसाड अभयारण्य पाहून यायचं ठरवलं, तेव्हा पहिली हरकत आजीने घेतली. "फणस बघायला मुरुडापर्यंत कशाला? परसात दोन झाडं आहेत की!" नातवाने खुलासा केला, की हे नाव तिथल्या 'फणसाड गाण' या पाणवठ्यावरून पडलंय. आजीला ऐकू आलं 'गाणं'. "शिमग्याला होतं तेवढं पुरे," म्हणत तिने पानाचा डबा ओढला.

मामांच्या मते फणसाड रायगड जिल्ह्यातच, म्हणजे घरातच. पण पोलादपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आणि मुरुड समुद्रकाठी. मधे माणगावची कोंडी आणि २०११पासून चौपदरी होत असलेला मुंबई-गोवा महामार्ग. कशेडीच्या पोटातून बोगदा निघाला, घाटातली वळणं वाचली. पण ती खेडकडे जाणाऱ्यांची. या मंडळींना जायचं होतं उलट्या दिशेला.

रात्री यादी झाली. फणसाड हे जंजिरा संस्थानच्या सिद्दी नवाबांचं शिकारीचं रान. १९८६ साली त्याचं अभयारण्य झालं. क्षेत्रफळ पन्नास चौरस किलोमीटरांहून थोडं जास्त. बिबट्या, भेकर, रानडुक्कर आणि राज्यप्राणी शेकरू, सगळे तिथले रहिवासी.

"नवाबाचं रान बघायचं आणि किल्ला नाही?" मामांनी जंजिरा घातला.

मावशीने साळावचं बिर्ला मंदिर घातलं. नव्या सुनेने हळूच काशिदचा किनारा सुचवला. राजपुरीच्या होडीची वाट पाहण्याचा वेळ धरून नातवाने बेरीज केली, तेव्हा फणसाडच्या वाट्याला सव्वा तास उरला. त्यातही जेवण होतं. घावणे, उकडलेली अंडी आणि सुकटीची चटणी. "या वासाने बिबट्या येईल की नाही ठाऊक नाही," आजोबा म्हणाले, "गावातली मांजरं मात्र रोह्यापर्यंत सोबत येतील."

पहाटे पाचला निघणारी इको आठला निघाली. महाडला सावित्रीच्या काठी कोवळ्या उन्हात एक मगर पसरली होती. सावित्रीतल्या मगरी महाडकरांच्या रोजच्या पाहण्यातल्या. या मंडळींनी मात्र तिच्यापायी अर्धा तास घालवला. ती जागची हलली नाही. वेळेचं दडपण नसलेली त्या दिवशीची ती एकटीच.

कोलाडहून रोह्याकडे वळून सुपेगावला पोचेपर्यंत बारा वाजले. रानातले सगळे शहाणे जीव सावलीला गेले होते. गारंबीचा दोरखंडासारखा वेल आणि त्याच्या हातभर शेंगा तेवढ्या जागेवर होत्या. वाटाड्याने उंच फांद्यांतलं शेकरूचं घरटं दाखवलं. सगळे माना वर करून थांबले. मग कळलं, की एक शेकरू अशी अनेक घरटी बांधतं आणि राहतं त्यातल्या एखाद्यात. बाकीची, गणपती आटोपल्यावर चाकरमान्यांनी कुलूप लावलेल्या घरांसारखी.

जंजिऱ्याची होडी चुकली, काशिद राहिलं, मंदिर राहिलं. सुकट तेवढी संपली.

तेव्हा पोलादपूर-महाडकडून फणसाडला निघणाऱ्यांनी आदल्या रात्री रोह्यात किंवा मुरुडात मुक्काम करावा, उजाडताच रानात शिरावं आणि जंजिरा दुसऱ्या खेपेला ठेवावा. मगर मात्र जाता-येता बघावी. तिला तिकीट नाही.