मशालजी

रात्री डोंगरात पळणाऱ्या प्रत्येक टोळक्यात एक मशालजी असतात. ते फार जोरात पळत नाहीत, चढाला तर सरळ चालतात, पण त्यांच्याशिवाय टोळक्याचं पान हलत नाही. रविवारी टेकडी उतरून टपरीवर चहा घेताना कुणी नवखा सहज विचारतो, "रात्रीच्या ट्रेलला हेडलॅम्प कुठला घेऊ हो?" की बाकीचे आपापले ग्लास उचलून हळूच पलीकडच्या बाकड्यावर सरकतात. नवख्याला काय झालं ते कळत नाही. तोवर मशालजींनी आपलं स्टूल त्याच्या गुडघ्याला लागेल इतकं जवळ ओढलेलं असतं.

"बजेटचं मागाहून बोलू," ते म्हणतात. "आधी सांगा, केस दाट आहेत की विरळ?"

मग स्थळ बघायला आल्यासारखी चौकशी सुरू होते. चष्मा आहे का? घाम कितपत येतो? टोपी घालता? घातलीत तर दिवा टोपीवर बांधणार की टोपीखाली? पळताना मान हलते का? हा शेवटचा प्रश्न वाटतो तितका वेडगळ नाही. सगळं वजन कपाळावर असेल तर दिवा पावलागणिक नाकाकडे घसरतो, आणि पट्टा आवळावा तर तासाभरात डोकं ठणकायला लागतं. "१०० ग्रॅमच्या आत असेल तर सगळं पुढे चालेल. त्याच्यावर गेलात की सेल मागेच हवेत," मशालजी निकाल देतात. हे बरोबर आहे. मशालजींची खरी अडचण हीच, की ते बहुतेक वेळा बरोबर असतात.

नवखा चाचरत म्हणतो, "मी तो १००० ल्यूमेनवाला बघून ठेवलाय."

मशालजी क्षणभर डोळे मिटून घेतात. मग टपरीवाल्याकडून आणखी दोन कटिंग मागवली जातात. ल्यूमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड; तो झाडांच्या शेंड्यांवर सांडला काय आणि पायापुढच्या दगडावर पडला काय, आकडा तोच. एका दिशेला झोत किती तिखट, ते कँडेलात मोजतात. खोक्यावर १२० मीटर पल्ला छापलेला असतो, त्याचा अर्थ इतकाच की तेवढ्या अंतरावर पाव लक्स उजेड उरतो, म्हणजे निरभ्र रात्रीच्या पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. "थोडक्यात, १२० मीटरवर तुम्हाला कोजागिरी मिळते," मशालजी टाळी मागतात. "आणि कोजागिरीच्या उजेडात हिरकणी रायगडाचा कडा उतरली!"

"मग दिवा घ्यायचाच कशाला?" नवखा विचारतो.

"तिचं तान्हं बाळ घरी रडत होतं. तुमचं काय रडतंय?"

इतकं होऊनही नवखा उठला नाही, तर तासांचा अध्याय सुरू होतो. खोक्यावर ४० तास लिहिलंय म्हणून ४० तास तसाच लख्ख उजेड मिळेल असं समजणाऱ्यांची मशालजींना कीव येते. खोक्यावरचे हे आकडे ज्या मानकाने मोजतात, त्याप्रमाणे उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर घसरेपर्यंतचा सगळा वेळ धरतात. ४०० ल्यूमेनचा दिवा ४० वर येऊन मिणमिणत असला, तरी कागदोपत्री तो चालूच असतो. (निवडणुकीच्या जाहीरनाम्यांनाही हेच मानक लावत असावेत.) शिवाय सगळ्यात प्रखर पायरीवर दिवा तापतो आणि जिवाच्या भीतीने बऱ्याचदा काही मिनिटांतच आपणहून खाली उतरतो. १००० चा आकडा त्या पहिल्या काही मिनिटांचा.

माझ्या मते सह्याद्रीतल्या मळलेल्या वाटेला २०० ते ३०० ल्यूमेन पुष्कळ झाले. उतारावर सुसाट सुटायची हौस असेल तर थोडे जास्त घ्यावेत, आणि उरलेल्या पैशांत दुसरा छोटा दिवा घेऊन खिशात टाकावा. लांब पल्ल्याच्या शर्यतींत हेडलॅम्प सक्तीच्या सामानात असतो आणि पिशवी उघडून तपासतात, ते उगाच नाही. मशालजींचं मतही नेमकं हेच आहे. फक्त तिथवर पोचायला त्यांना पाऊण तास लागतो आणि वाटेत १९८१ साल लागतं. त्या साली पेट्झल या फ्रेंच कंपनीने दिवा आणि बॅटरी दोन्ही एकाच पट्ट्यावर चढवून कमरेपर्यंत लोंबणारी वायर गिर्यारोहकांच्या गळ्यातून काढली. हे सांगताना मशालजींचा आवाज किंचित कातर होतो.

त्यांच्या घरी चकल्यांचा म्हणून घेतलेला स्टीलचा मोठा डबा आहे. त्यात १८ मिलिमीटर जाडीचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे सेल कागदी चिकटपट्टीवर तारखा लिहून ओळीने निजवलेले असतात. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या दिव्यांचा डबा वेगळा. खेड्यातल्या वाण्याकडे ऐनवेळी पेन्सिल सेलच मिळतात, म्हणून. चकल्या कुठे ठेवता, असं मी एकदा वहिनींना विचारलं. "यांच्यामुळे करणंच सोडलं," त्या म्हणाल्या. नवा दिवा आला की त्याची चाचणी गॅलरीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर होते. वॉचमन आता शिट्टी वाजवत नाही, नुसताच "नवीन का साहेब?" असं खालून विचारतो.

पावसाळ्यात ट्रान्सफॉर्मर उडतो आणि अख्खी सोसायटी "गेली!" म्हणून ओरडते, तेव्हा त्या ओरडण्यात एक आवाज आनंदाचा असतो. दुसऱ्या मिनिटाला मशालजी जिन्यात हजर. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना ते हाताला धरून वर पोचवतात आणि त्यांच्यासाठी मुद्दाम लाल दिवा लावतात. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात, पांढरा झोत ती सगळी कमाई एका क्षणात घालवतो, मंद लाल उजेडात ती बरीचशी टिकते, हे सगळं पायरी-पायरीवर समजावून सांगतात. "लाल नको रे बाबा," आजी म्हणतात, "रुग्णवाहिका आल्यासारखं वाटतं."

अर्थात मशालजी खरे खुलतात ते कात्रज-सिंहगडच्या रात्री. जुन्या बोगद्याच्या माथ्यावरच्या वाघजाईला नमस्कार करून मंडळी निघतात. वाटेत टेकड्या तेरा की सोळा, हा वाद सुरू होतो आणि मशालजी ठरल्याप्रमाणे शेपटाला राहतात. त्यांच्याशी बोलत पळणं ही शिक्षा आहे. ते बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलतात, संस्कारच तसे, आणि ते बघतात तिकडे त्यांचे ९०० ल्यूमेनही बघतात. समोरचा डोळे घट्ट मिटून मान हलवत राहतो. मशालजींना वाटतं, पटलं. रात्रीचे मुरलेले पळणारे बोलताना दिव्यावर तळवा धरतात किंवा दिवा वाकवून जमिनीशी बोलतात. मशालजी ही रीत इतरांना आवर्जून शिकवतात, तीही त्यांच्या डोळ्यांत बघून.

पण त्यांच्यासोबत जे दिसतं ते एरवी दिसत नाही, हेही कबूल केलं पाहिजे. दिवा डोळ्यांच्या रेषेत असला की प्राण्यांच्या डोळ्यांतला परतीचा उजेड थेट आपल्याकडे येतो. गवतात हिरवट ठिपके लुकलुकतात, वाटतं दव आहे. मशालजी वाकून दाखवतात, तो कोळी असतो. वाटेच्या मधोमध तांबडा निखारा दिसतो आणि जवळ जावं तर भुर्रकन उडून जातो. तो रातवा. "म्हणून म्हणतो, कपाळावरच्या दिव्याला..." मशालजी सुरू करतात, आणि दिव्याकडे झेपावलेला एक पावसाळी किडा त्यांच्या उघड्या तोंडात शिरतो. त्या रात्री तेवढी दोन मिनिटं शांतता मिळते.

पुढे खिंडीत ढग उतरला की सगळ्यांचे दिवे एकदम निकामी होतात. पाण्याचे थेंब उजेड जिथल्या तिथे परत फेकतात. जितका मोठा दिवा, तितकी पांढरी भिंत जवळ. पुढची पोरं आणखी एक बटण दाबून उजेड वाढवतात आणि आणखी आंधळी होतात. अशा वेळी मशालजी काही न बोलता डोक्यावरचा दिवा काढून कमरेला बांधतात आणि तोही मंद करतात. झोत ढगाच्या खालून वाटेवर पडतो, प्रत्येक खड्याला सावली फुटते, वाट पुन्हा उमटते. शेपूट पुढे होतं आणि टोळकं त्यांच्यामागून निमूट चालायला लागतं.

आणि मग, बहुधा पहाटे तीनच्या सुमाराला, कुणाचा तरी दिवा मालवतो. मशालजी रात्रभर याच घडीची वाट बघत असतात. कुणाचा पाय मुरगळावा असं त्यांच्या मनात कधी येणार नाही, पण एखाद्याचे सेल संपावेत एवढी माफक इच्छा ते बाळगून असतात. आपल्या पिशवीतून ते एक दिवा काढतात, पट्टा समोरच्याच्या डोक्याच्या मापाने सैल करतात, गाठ पडली नाही ना ते बोटाने चाचपतात आणि स्वतःच्या हाताने त्याच्या कपाळावर बसवतात. तो त्या टपरीवरचाच नवखा असतो. १००० ल्यूमेनवाला त्याने शेवटी घेतलाच होता आणि रात्रभर सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवला होता. "किती तास चालला?" एवढंच मशालजी विचारतात, आणि खिशातल्या वहीत आकडा टिपून घेतात. एरवी ज्याची पाऊण तास चंपी झाली असती, त्याला ते 'असं होतंच हो' म्हणून सोडून देतात.

उजाडता उजाडता गडावर पोचल्यावर सगळे दिवे डोक्यावरून उतरतात आणि पिठलं-भाकरीभोवती घोळका जमतो. मशालजींचा तेवढा उन्हातही चालूच. मधूनमधून ते दिव्यावर तळवा धरून शेजाऱ्याला त्याच्या सावलीत डोकावून बघायला सांगतात, कितपत उरलाय म्हणून.

"दादा, दिवा इझवा की, दिस उगावला," भाकरी थापणाऱ्या मावशी म्हणतात.

"राहू द्या मावशी. १० टक्क्यांवर यायचाय अजून."

"मग हिकडं तरी वळा जरा. त्या कोपऱ्यातल्या पोत्यात कांदं हायेत का संपलं, काय दिसंना झालंय."

मशालजी हातातली भाकरी ताटात ठेवतात, तोंड पुसतात आणि उभे राहतात.

"पसरट झोत देऊ, मावशी, की लांबचा?"