उंबरगावसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात एक काम राहून गेलं होतं. १ मे १९६० रोजी मुंबई आपल्याला मिळाली, पण ज्या कायद्याने ती मिळाली त्याच कायद्याच्या परिशिष्टात ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्याची बरीच गावं नावानिशी यादी करून गुजरातच्या पदरात टाकण्यात आली. गेली ती गेलीच. आता ती परत घ्यायला कुणीतरी निघालं आहे. परळच्या एका अनुदानित मराठी शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवणाऱ्या एक बाई. हाती झेंडा नाही, तोंडी घोषणा नाही. पर्समध्ये उंबरगावच्या एका बांधकामाचं रंगीत माहितीपत्रक आहे. त्यावर समुद्राचं चित्र आहे (समुद्र लांब आहे, चित्र जवळ आहे), आणि मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने केलेली आकडेमोड.

मुंबईसाठी शंभरावर माणसं जिवानिशी गेली. ती हातची घालवायला मात्र एकालाही रस्त्यावर यावं लागलं नाही. कुणी खोली विकून डोंबिवलीला गेलं, कुणी विरारला, आणि जाताना प्रत्येकाने पेढे वाटले. त्या हिशेबाने बाई काही वेगळं करत नाहीत. फक्त आणखी काही स्टेशनं पुढे जातायत.

आकडेमोड पाहण्यासारखी आहे. बाई २००८ साली शिक्षण सेवक म्हणून लागल्या, मानधन महिना चार हजार. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागल्यामुळे जुन्या पेन्शनचं नाव नाही. निवृत्ती अठ्ठावन्नाव्या वर्षी. बँकेतले साहेब म्हणाले, ‘‘मॅडम, कर्ज निवृत्तीच्या आत फिटलं पाहिजे. तेवढ्या वर्षांत बसवलं तर हप्ता पगारात बसत नाही. हप्ता पगारात बसवला तर घर मुंबईत बसत नाही.’’ बाईंनी हे सगळं समीकरणात मांडलं. उकल निघाली, पण राज्याबाहेर.

घरभाडे भत्त्याचं म्हणाल तर सरकार हात आखडता घेतं असं कुणी म्हणू नये. मुंबई ‘एक्स’ वर्गातलं शहर. सातव्या वेतन आयोगाने इथला भत्ता मूळ वेतनाच्या २४ टक्क्यांवर सुरू केला आणि महागाई भत्त्याबरोबर तो ३० टक्क्यांपर्यंत जाण्याची सोय ठेवली. बाईंच्या शाळेत आज नवा शिक्षक कायम झाला, तर त्याचं मूळ वेतन ३८,६००. (त्याआधी तीन वर्षं १८ हजारांवर सेवा करायची असते, ती पदरी पडलेली धरू.) त्यावर ३० टक्के म्हणजे ११,५८० रुपये. परळला एवढ्या पैशात गाडी उभी करायला जागा मिळत असेल, गाडीवाल्याला नाही. गंमत अशी की हा भत्ता नोकरी कुठे आहे त्यावर ठरतो, अंथरूण कुठे पसरता त्यावर नाही. उद्या बाई उंबरगावला झोपल्या तरी भत्ता मुंबईच्या दरानेच मिळणार. मुंबईत न राहण्याचा मोबदला देणारी दुसरी कुठली योजना माझ्या तरी पाहण्यात नाही.

मग म्हाडा आहेच की, असं आमचे वाचक म्हणतील. बाईंनी म्हाडाही करून पाहिलं. मिस्टर एका पतपेढीत आहेत. दोघांचं वर्षाचं उत्पन्न एकत्र लिहिलं आणि कळलं की आपण ‘उच्च उत्पन्न गटा’त मोडतो. बारा लाखांच्या वर गेलं की म्हाडाच्या लेखी माणूस उच्च. लग्नानंतर इतक्या वर्षांनी ही बातमी मिळाल्यावर बाईंनी त्या रविवारी श्रीखंड आणलं. २०२३च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या ४,०८२ घरांची सोडत निघाली, तेव्हा याच उच्च गटात ताडदेवच्या टॉवरमधलं घर होतं, किंमत साडेसात कोटींच्या वर. आमदार-खासदारांच्या कोट्यातून ते एका आमदारांना लागलं आणि प्रतीक्षा यादीत केंद्रातले एक राज्यमंत्री निघाले. दोघांनाही ते झेपेना, तेव्हा त्यांनी नाद सोडला. म्हणजे मुंबईत घर न परवडण्याच्या बाबतीत आमदार, केंद्रीय राज्यमंत्री आणि गणिताच्या बाई एका पातळीवर आहेत. समाजवाद आणखी वेगळा काय असतो?

फरक पुढे पडतो. मनोरा आमदार निवास पाडलं तेव्हा तिथल्या आमदारांना भाड्यासाठी महिन्याला एक लाख रुपये देण्याचं ठरलं, नवीन इमारत उभी राहीपर्यंत. २०२२च्या मार्चमध्ये तर सुमारे तीनशे आमदारांना मुंबईत, गोरेगावला, कायमची घरं देण्याची घोषणा सभागृहातच झाली. बाहेर ओरड उठल्यावर खुलासा आला की घरं फुकट नाहीत, सत्तरेक लाख मोजावे लागतील. बाईंनी तो खुलासा वाचला मात्र, त्यांचा जीव हळहळला. सत्तर लाखांत गोरेगाव! एवढ्यासाठी आमदार व्हायला काही हरकत नव्हती. शिक्षक मतदारसंघ तर घरचाच आहे.

आता या सगळ्याचं मूळ बाईंच्या वर्गाच्या खिडकीतून दिसतं. पूर्वी दिसायची ती गिरणीची चिमणी, आता दिसतो काचेचा टॉवर. गिरण्यांच्या जमिनीचा नियम १९९१ साली झाला, तो सातवीच्या मुलालाही समजावा असा होता: एक तृतीयांश मालकाला, एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी. बेरीज एक. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली. अपूर्णांकांना कुणी हात लावला नाही. अपूर्णांकाला हात लावला की मराठी माणूस लगेच ओरडतो. बदललं ते फक्त ‘एक’ म्हणजे किती. गिरणीची सगळी जमीन नव्हे, तर जिच्यावर बांधकाम नाही तेवढीच मोकळी जमीन. आणि गिरणीत शेड सोडून मोकळं किती असणार? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २००६मध्ये दुरुस्ती कायम झाली. बाई दर वर्षी मुलांना बजावतात, ‘‘अरे, नुसतं एक तृतीयांश लिहू नका. कशाचं, ते लिहा.’’ ज्या खात्यात हे वाक्य पोचायला हवं होतं तिथे त्यांचा एकही विद्यार्थी लागलेला नाही.

टीचर्स कॉलनी मुंबईत नाही असं नव्हे. वांद्र्याला आहे. बसच्या थांब्यावर नाव आहे.

तर उंबरगाव. बाईंच्या मते या गावाचे फायदे एकापेक्षा एक आहेत. मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के, बाईच्या नावावर घेतलं तर ५. गुजरातेत ४.९. शिवाय घर एकट्या बाईच्या नावावर असेल, तर नोंदणी फी माफ. हे ऐकल्यापासून मिस्टर थोडे गप्प आहेत. दारूबंदी आहे, हे ऐकल्यावर ते आणखी गप्प झाले. बाजारात मराठी चालते. भाजीवालीशी मराठीत बोललं म्हणून तिथे कुणी मोबाइल काढून चित्रीकरण करत नाही. आणि बाईंच्या सासूबाईंना सर्वांत पटलेला मुद्दा असा की रामानंद सागरांचं ‘रामायण’ याच उंबरगावच्या स्टुडिओत चित्रित झालं. घरदार सोडून निघालेल्या माणसांचा चौदा वर्षांचा मुक्काम तिथे आधीच होऊन गेलेला आहे. बाईंचं कर्जही चौदा वर्षांचंच असणार आहे. स्टाफरूममध्ये चित्रकलेचे सर म्हणाले, ‘‘बाई, त्यांना परत यायला अयोध्या होती.’’ सर अविवाहित आहेत, आईबरोबर शिवडीला राहतात, त्यांना बोलायला काय जातं.

अडचण गाडीची. लोकल डहाणूपर्यंतच, तीही २०१३ सालापासून. डहाणू रोड चर्चगेटपासून १२४ किलोमीटर. पुढे घोलवडच्या चिकूच्या वाड्या मागे पडल्या की गुजरात. उंबरगावहून मेमू किंवा एखादी थांबणारी एक्स्प्रेस, आणि त्या गाडीत पासवाल्यांच्या ठरलेल्या जागा, ज्यांवर बसायला घराणं लागतं. शाळेचं सकाळचं अधिवेशन सातला भरतं. दुपारचं मिळालं तर जमेल. बाईंनी मुख्याध्यापकांना अर्ज दिला आहे, कारणाच्या रकान्यात ‘घरगुती’ लिहून. ‘आंतरराज्य’ लिहिलं असतं तर अर्ज थेट मंत्रालयात गेला असता.

मुलाचं काय, हा प्रश्न मात्र बाईंना खरंच छळतो. तो आठवीत आहे. दहावी-बारावी गुजरातेत झाली, तर वैद्यकीयच्या राज्य कोट्याला मुकेल. म्हणून तो रोज आईबरोबर परळला येणार, आईच्याच शाळेत. यात शाळेचा पट एकाने वाढतो हा अधिकचा लाभ, कारण पटाची अवस्था बिकट आहे. बाई वर्गशिक्षिका आहेत, दाखले त्यांच्या हातून जातात. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात सगळीकडे एकच मजकूर: पालकांचे स्थलांतर. नालासोपारा, बदलापूर, टिटवाळा, गाव. मुलं आधी गेली. बाई मागे राहिल्या होत्या, त्याही आता निघाल्या. मराठीला २०२४च्या ऑक्टोबरमध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा शाळेत रांगोळी काढली होती. ती काढायला नववीच्या तीन मुली होत्या, कारण नववीत मुलीच तीन होत्या.

आणि बाई बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, आहेत. शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढी तीनच बाहेरची कामं लावता येतात, पण निवडणूक आपल्याकडे बारमाही पीक आहे. पावसाळ्यात छत्री आणि यादी घेऊन बाई चाळीचे जिने चढतात, दार वाजवतात, कुलूप दिसलं की शेजाऱ्याला विचारतात आणि नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा मारतात. त्यांच्या यादीभागात एका मजल्यावर हा शेरा इतक्यांदा मारावा लागला की बाईंनी मुदतीच्या दिवशी रबरी शिक्का करून घेऊ का, असं साहेबांना विचारलं. साहेबांनी ‘शासकीय दरपत्रकातून घ्या’ असं लेखी उत्तर दिलं. उंबरगाव ठरलं की बाईंनाही पत्ता बदलण्याचा नमुना आठ भरावा लागेल. मग मुंबईच्या मतदारयादीतली नावं तपासणाऱ्या बाई स्वतः गुजरातच्या मतदार. नियमाप्रमाणे बीएलओ सहसा त्याच भागातला मतदार असतो. म्हणजे ते काम सुटणार! बाईंनी माहितीपत्रकाच्या मागे ही बाब फायद्याच्या बाजूला लिहिली आहे, खाली दोन रेघा मारून.

बाईंनी अजून टोकन दिलेलं नाही. बिल्डरचा माणूस रोज फोन करतो, मॅडम रेट वाढतोय. बाई म्हणतात, आधी संचमान्यता, म्हणजे पटावरून ठरणारी शिक्षकांची संख्या, येऊ दे. पट आणखी घसरला, तर बाई अतिरिक्त ठरतील, आणि अतिरिक्त शिक्षकाचं समायोजन कुठे होईल हे ब्रह्मदेवालाही पोर्टलवर लॉगइन केल्याशिवाय कळत नाही. बाईंची एक मैत्रीण गेल्या खेपेला अतिरिक्त ठरली. तिने आदल्याच महिन्यात कर्जतला फ्लॅट घेतला होता. तिचं समायोजन कुलाब्याला झालं.