दुसऱ्याची गाणी, आणि तीही मुक्यानं!

माणसानं निर्लज्ज तरी किती व्हावं! वय वर्षं पासष्ट, गिटारवाल्यांच्या पंगतीत पहिला पाट, आणि आल्बम काढला तर दहातली निम्म्याहून जास्त गाणी दुसऱ्यांची. बरं, दुसऱ्यांची म्हणजे नात्यागोत्यातली तरी असावीत! ब्लूजवर पोसलेला पोर, रॉकमध्ये नाव काढलं, जॅझवाल्यांच्या घरी येणंजाणं. तिथलीच चार उचलली असती तर कुणी हूं की चूं केलं नसतं. पण नाही. जेफ बेक यांनी 2010 च्या 'इमोशन अँड कमोशन'मध्ये थेट पुच्चीनीला हात घातला.

'नेस्सून दोर्मा' म्हणजे 'कुणीही झोपायचं नाही'. 'तुरान्दोत' ऑपेरातलं हे पद 1990 च्या इटलीतल्या फुटबॉल विश्वचषकामुळं पावारोत्तीच्या आवाजात घरोघरी पोचलेलं. बेकसाहेबांनी मागं चौसष्ट वादकांचा ताफा बसवला आणि गाणाऱ्याच्या जागी स्वतःची फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार उभी केली. म्हणजे नवरदेवाच्या घोड्यावर ट्रॅक्टर बसवण्यातला प्रकार. वर याला ग्रॅमी! तेही 'पॉप' वादनाचं. ऑपेरातल्या पदाला पॉप म्हणणाऱ्या परीक्षकांवर खरं तर वेगळा लेख लिहायला हवा, पण आज एकाच घराची उणीदुणी काढू.

आमच्याकडे या विषयावरून गेले काही रविवार दोन तट पडलेत. एकीकडे भाचा. त्यानं गिटार वाजवायची नखी, ज्याला ही मुलं 'पिक' म्हणतात, ती कॅरमच्या डब्यात टाकून दिली आहे आणि आता तो अंगठ्यानं वाजवतो, कारण बेक अंगठ्यानं वाजवायचा. दुसरीकडे आत्या. हिनं पेटीवर बोटं झिजवलेली. तिचा एकच सवाल, "शब्द कुठं गेले?"

सवाल रास्त आहे. गाणं घ्यायचं आणि त्यातले शब्द गाळायचे, हा कुठला शिष्टाचार? पण या गृहस्थाची ही खोड जुनीच. 1967 मध्ये त्यांना एकदा गायला लावलं होतं. 'हाय हो सिल्व्हर लायनिंग' इंग्लंडात चांगलंच चाललं, लोक अजून घोळक्यानं गातात, आणि गाणाऱ्यानं मात्र जन्मभर त्या गाण्याचा राग राग केला. पुढं 'ट्रूथ' या आल्बमसाठी गायला रॉड स्टुअर्टला बसवलं. त्यात 'यू शूक मी' होतं, विली डिक्सनच्या हातचं, मडी वॉटर्सनं गाजवलेलं. तेच गाणं थोड्याच महिन्यांत लेड झेपेलिनच्या पहिल्या तबकडीवर निघालं आणि बेकसाहेब रागावले. आता बघा! गाणं शिकागोच्या ब्लूजवाल्यांचं, भांडतायत कोण, तर इंग्लंडातली दोन गोरी पोरं. त्यातून गंमत अशी, की बेकच्या 'यू शूक मी'त ऑर्गन वाजवणारा जॉन पॉल जोन्स, तोच झेपेलिनचा बास गिटारवाला. शेजाऱ्याच्या झाडाचे आंबे दोघांनी पाडले आणि फांदी एकानंच धरून दिली.

याहून चविष्ट भानगड स्टीव्ही वंडरची. 'सुपरस्टिशन' हे गाणं बेकला द्यायचं ठरलेलं. पण घडलं असं, की स्टीव्हीनं ते 1972 मध्ये आधी स्वतःच बाजारात आणलं आणि ते अमेरिकेत पहिल्या नंबरावर जाऊन बसलं. बेकचं 'सुपरस्टिशन' आलं 1973 मध्ये. म्हणजे साखरपुडा यांच्याशी, लग्न दुसरीकडे, आणि वरातीत नाचायला पुन्हा हेच! ज्या गाण्यावर पहिला हक्क यांचा, त्याचंही 'कव्हर' करायची पाळी यांच्यावरच आली. तरी पुढं स्टीव्हीचंच एक गाणं यांच्या ओच्यात पडलं, 'कॉज वी हॅव्ह एंडेड ॲज लव्हर्स'. ते आधी सिरीटा राइट या गायिकेनं गायलेलं. एके काळची स्टीव्हीची बायको ती. ताटातुटीचं गाणं, लिहिलं नवऱ्यानं, गायलं बायकोनं, आणि 1975 च्या 'ब्लो बाय ब्लो'मध्ये त्यातला एकही शब्द न उच्चारता रडवलं ते या तिऱ्हाइतानं. आज गिटार शिकणारा प्रत्येक पोरगा हेच रडगाणं गिरवतो. आमच्या वरच्या मजल्यावर रोज रात्री साडेनऊला प्रेमिकांची ताटातूट होते.

'ब्लो बाय ब्लो'चे निर्माते तर जॉर्ज मार्टिन, प्रत्यक्ष बीटल्सचे. त्यांच्या देखत यांनी बीटल्सचं 'शीज अ वूमन' रेगेच्या ठेक्यात वाजवलं. मार्टिनसाहेबांनी हाकलून द्यायला हवं होतं. उलट पुढच्या 'वायर्ड'लाही तेच. त्यात चार्ल्स मिंगसचं 'गुडबाय पोर्क पाय हॅट', सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग वारला तेव्हा 1959 मध्ये रचलेलं. जॅझवाल्यांच्या सुतकातही हा पाहुणा रॉकचे बूट घालून आला, आणि कुणी त्याला ऊठ म्हणालं नाही.

आत्याला भाच्यानं मग बेकचा हात जवळून दाखवला, व्हिडिओ थांबवून थांबवून. तर त्यात मेख अशी आहे. अंगठ्यानं तार छेडायची. करंगळी आवाजाच्या खुंटीवर. तळहाताखाली लोखंडी दांडी, ती दाबली की सूर उतरतो, उचलली की चढतो. आवाज बंद ठेवून तार छेडायची आणि मग करंगळीनं खुंटी हळूच उघडायची. म्हणजे तारेवर घाव पडल्याचा 'टण्ण' ऐकूच येत नाही, सूर कुठूनसा गळ्यातून निघाल्यासारखा निघतो. मींड तारेवर नाही, दांडीवर. आत्यानं चष्मा पुसला. "पेटीला मींड नाही म्हणून जन्मभर टोमणे खाल्ले," ती म्हणाली, "आणि यानं ती लोखंडातून काढली?" हेच हात फावल्या वेळात जुन्या मोटारींच्या पोटात तेलात बुडालेले असायचे, हे सांगितल्यावर तिनं नुसतं "शी!" म्हटलं. 1969 पासून माणूस शाकाहारी होता, हे कळल्यावर मात्र जरा निवळली.

पण खरी बदनामीची गोष्ट मला उशिरा उमगली. गाणी वगैरे बहाणा आहे हो! या माणसाला नाद होता बायकांच्या गळ्याचा. सिरीटाचं सांगितलंच. 1989 चं 'व्हेअर वेअर यू' सुचलं बल्गेरियातल्या बायकांच्या वृंदगानावरून. 2010 च्या आल्बमात ज्यूडी गारलंडचं 'ओव्हर द रेनबो'. जॉस स्टोन आणि इमेल्डा मे यांना तर त्याच आल्बमात गायला बोलावलेलं. गाणं चोरणाऱ्याला कायद्यात कलम आहे, गळा चोरणाऱ्याला कोण पकडणार?

आत्या तरी हटेना. "दुसऱ्याच्या चालीवर जगणं ते जगणंच." तेव्हा भाच्यानं तिच्याच देव्हाऱ्यातली मूर्ती काढली. 1916 चं 'स्वयंवर' नाटक. भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशी घेऊन पदं सजवली, ते काय होतं? "तिथं शब्द नवे घातले होते," आत्या. "यानं जुने काढले, एवढाच फरक," भाचा. "आणि रुक्मिणीचं काम कोणी केलं होतं गं? बालगंधर्वांनीच ना? पुरुषानं बाईच्या गळ्यानं गायलेलं तुला चालतं, आणि गिटारनं गायलं की विटाळ?" आत्या बराच वेळ सुपारी कातरत बसली.

तेवढ्यात भाच्यानं 'नादिया' लावलं, बेकच्या 2001 च्या आल्बमातलं. नितीन सॉनी या लंडनच्या संगीतकाराची चाल. सूर वळण घेत घेत वर जातो, मधेच कापरा होतो, समेच्या आधी अंग चोरतो. आत्याची मान हलली. आपली मान हलली हे लक्षात आल्यावर तिनं ती थांबवली. मग पुन्हा हलली. "श्वास कुठं घेतो मेला?" एवढंच म्हणाली.

"आता मूळचं ऐक," म्हणून भाच्यानं सॉनीचा 1999 चा आल्बम लावला. तेच गाणं, पण यात गायिका. स्वाती नाटेकर.

"नाटेकर?" आत्या ताठ बसली. "कुठले नाटेकर? नाट्याचे की काय, राजापूरकडचे?" ते काही आमच्यापैकी कुणाला सांगता येईना. आत्यानं डोळे मिटून सगळं गाणं ऐकलं, एकेक हरकत बोटांवर मोजल्यासारखी. संपलं तशी अडकित्ता खाली ठेवला आणि आवाज बारीक करून म्हणाली,

"गाते छान. पण त्या गिटारवाल्याची नक्कल केलीय गं तिनं."