रिकाम्या पानांच्या कारखानदारास खुले पत्र

लीड्स, इंग्लंड

महोदय,

तुमचे नाव मला ठाऊक नाही. तुमची करणी मात्र वारंवार समोर येते, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

मराठी विकिपीडियावर ‘अविशिष्ट लेख’ असा एक दुवा आहे. त्यावर क्लिक केले की कुठलाही एक लेख उघडतो. लीड्समध्ये वाढणाऱ्या मुलांना मराठी वाचनाची गोडी लागावी म्हणून आम्ही तो त्यांच्या हाती दिला. आज अजिंठा निघेल, उद्या देवमासा निघेल, या आशेने मुले क्लिक करतात आणि निघते काय? ‘अमुक हे तमुक तालुक्यातील एक गाव आहे.’ खाली ‘लोकजीवन’, ‘प्रेक्षणीय स्थळे’, ‘नागरी सुविधा’ असे मथळे, आणि मथळ्यांखाली काहीच नाही. पुतणीने विचारले, “काका, इथे कोणी राहत नाही का?” याचे उत्तर तुम्ही द्यायचे आहे.

दोष त्या दुव्याच्या माथी मारू नका. त्याचे काम सरळ आहे. लेख तयार होतो तेव्हाच त्याला शून्य आणि एक यांच्या मधला एक आकडा मिळतो. पुढे लेखात कितीही भर पडली तरी तो आकडा तोच राहतो. वाचकाने क्लिक केले की संगणक तसाच एक आकडा काढतो आणि त्याच्या लगेच पुढे ज्याचा आकडा असेल तो लेख दाखवतो. ०.४१ निघाला आणि त्यापुढचा पहिला लेख ०.४३ वर असेल, तर तोच उघडणार. ज्याच्या अलीकडे मोठी मोकळी जागा, तो लेख जास्त वेळा येतो. दुसऱ्याला खेटून बसलेला क्वचितच दिसतो. लेखाचा दर्जा मात्र त्या आकड्याला कळत नाही. समजा, हजार चांगले लेख आहेत आणि तुम्ही हजार रिकामी पाने त्यांत ओतलीत. चांगला लेख निघण्याची शक्यता सरासरी निम्म्यावर आली. वाचकाच्या वाट्याचे मराठी तुम्ही हिरावून घेतलेत.

लेखसंख्या तरी वाढली, असे म्हणाल. १ मे २००३ रोजी सुरू झालेला हा ज्ञानकोश पदरचा वेळ खर्चून लिहिणाऱ्यांनी उभा केला आहे. संख्या फुगवण्यासाठी तुम्ही त्यांच्या कष्टांवर पाणी फिरवलेत.

लिहायला काही नाही, ही सबब चालणार नाही. आमच्या लीड्सचेच पाहा. १९५२ साली इथल्या हेडिंग्ली मैदानावर विजय मांजरेकरांनी १३३ धावा केल्या आणि त्याच कसोटीच्या दुसऱ्या डावात मांजरेकरांसह भारताचे चार फलंदाज संघाच्या शून्य धावांवर बाद झाले. १९८६ साली तिथेच दिलीप वेंगसरकरांच्या ६१ आणि नाबाद १०२ धावांच्या जोरावर भारत जिंकला. १९९२ साली सचिन तेंडुलकर इथल्याच यॉर्कशायर क्रिकेट संघाचा पहिला परदेशी खेळाडू झाला. तीन वाक्यांत परके शहर मराठी वाचकाला जवळचे वाटू लागते. मग आपल्याच गावाची जत्रा, नदी, पीकपाणी, शाळा यांवर चार वाक्ये का लिहिता येऊ नयेत?

नवी पाने काढणे आजच थांबवा. आहेत ती भरा. भरणे जमत नसेल तर ती गावे तालुक्याच्या एका यादीत घ्या.

आणि वाचकहो, ओळखीच्या गावाचे रिकामे पान उघडले तर पुढे जाऊ नका. ‘संपादन’वर क्लिक करा आणि जे ठाऊक आहे ते संदर्भ देऊन लिहा.

आपला,
लीड्सचा एक मराठी वाचक