विषयाला धरून बोला

मे महिन्यात रत्नागिरीकडच्या लोहाराच्या भट्टीपुढे कोयत्यांपेक्षा तज्ज्ञ जास्त जमतात. पावसाआधी धार हवी म्हणून कोयती येते आणि तिच्यामागून मालक, मतांसकट. हल्ली त्यात घरी पाती घडवणाऱ्या हौशी मंडळींची भर पडली आहे.

एका निवृत्त मास्तरांनी शिस्त लावायचं मनावर घेतलं. एका बाकावर पोलाद, दुसऱ्यावर पाणी देणं, तिसऱ्यावर मूठ. विषयांतर करील त्याने भाता मारायचा. पहिलाच प्रश्न निघाला: ट्रकच्या कमानपाट्याची कोयती पाण्यात विझवावी की तेलात? पाण्यात पातं तडकतं, असं तेलवाले म्हणाले. पाणीवाल्यांनी आपापले आजोबा काढले. मग पाट्यावरून ट्रक निघाला, ट्रकवरून मुंबई-गोवा महामार्ग, आणि तिन्ही बाकांचं प्रथमच एकमत झालं. शिक्षा सर्वांना लागू होती. पण भट्टीला आता विजेचा पंखा आहे.

लोहार मात्र बोलत नव्हता. ७७० अंशांच्या आसपास लोखंड चुंबकाला चिकटेनासं होतं, म्हणून हौशी माणूस चुंबक लावून बघतो. लोहार नुसता रंग बघतो. विझवलेलं पातं पुन्हा हलकं तापवून गवती पिवळ्यावर थांबवतो. जरा उशीर झाला की पातं निळं पडतं आणि धार मऊ. तिथे विषयांतर परवडत नाही.

शेवटी मास्तरांनी महामार्गासाठी चौथा बाक मांडला. उरलेल्या तिन्हींवर आता कोयत्या ठेवतात.